श्रोत्याला कोणी विचारले? मुंबईच्या रेडिओची शंभर वर्षे आणि नवी मुंबई

१/२५
वाशी, नेरूळ किंवा घणसोलीत बसून रेडिओचा काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, तर ९१.१ ते १०७.१ या पट्ट्यात गेल्या दशकभरात डझनभर एफएम केंद्रे ऐकू येत आली आहेत. या डझनातले एकही नवी मुंबईचे नाही. सारी मुंबईच्या नावाने चालतात. त्यांची नावे बदलतात, गाणी बदलतात, भाषा बदलते आणि दर बदलाच्या वेळी सांगितले जाते की हे श्रोत्यांच्या आवडीसाठी आहे. इतिहास या दाव्याला दुजोरा देत नाही. कसा, ते पुढे.

२/२५
कोणती गाणी, कोणत्या भाषेत, किती बोलणे, किती जाहिराती आणि कोणत्या वयाच्या, किती मिळकतीच्या माणसासाठी, याचा केंद्राने ठरवलेला साचा म्हणजे फॉरमॅट. साचा बदलला की श्रोत्याच्या सवयीचा कार्यक्रम एका रात्रीत नाहीसा होतो. मुंबईच्या आकाशात असे मोठे बदल अनेकदा झाले. त्या प्रत्येकामागे कोणता नियम, कोणते शुल्क, कोणता परवाना होता, हे पाहिले की निर्णय खरोखर कोणी घेतला ते स्पष्ट होते.

३/२५
आरंभ हौशी मंडळींनी केला. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या संस्थेने मुंबईतून प्रसारण सुरू केले. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ही खाजगी कंपनी होती. श्रोत्याने वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यायचा आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. परवानाधारकांची संख्या काही हजारांतच राहिली.

४/२५
मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. म्हणजे मुंबईच्या रेडिओतला पहिला मोठा बदल खाजगीकडून सरकारीकडे झाला आणि त्याचे कारण जमाखर्चाचे होते. ऐकणाऱ्याची आवड बदलली म्हणून हा बदल झाला नाही. पुढच्या प्रत्येक वळणावर हेच घडलेले दिसेल.

५/२५
स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यातच चित्रपट निर्मात्यांशी सरकारचा वाद झाला आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला त्या काळात मोठे व्यासपीठ मिळाले, हे मान्य केले पाहिजे. तरीही लाखोंच्या ओठांवरचे संगीत एका कार्यालयाच्या मतामुळे बंद झाले, हेही तितकेच खरे.

६/२५
श्रोत्याने उत्तर दिले ते काटा फिरवून. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि फिती कोलंबोला जात. मुंबईत तयार झालेला कार्यक्रम मुंबईकर परदेशी केंद्रावरून ऐकत होते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. श्रोत्याच्या मतामुळे साचा बदलल्याचे या इतिहासातले हेच एक ठळक उदाहरण, आणि त्यालाही पाच वर्षे लागली.

७/२५
याच काळात स्थानिक केंद्र काय करू शकते, हे पुण्याने दाखवले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, कल्पना केंद्रातले अधिकारी सीताकांत लाड यांची. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण ५६ गीते. त्यामागे ना जाहिरातदार होता, ना श्रोत्यांची पाहणी. आपला श्रोता कोण आहे हे त्या केंद्राला ठाऊक होते, एवढेच त्याचे भांडवल.

८/२५
मुंबई केंद्राचेही तसेच होते. ‘कामगारसभा’ गिरणगावासाठी, ‘वनिता मंडळ’ दुपारच्या वेळी घरात असणाऱ्या स्त्रियांसाठी. ‘प्रपंच’ मालिकेतले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. ‘भावसरगम’मधून यशवंत देव यांच्यासारखे संगीतकार घरोघरी पोहोचले. या कार्यक्रमांची आखणी माणसाच्या कामाच्या वेळा आणि त्याची वस्ती पाहून केलेली होती. आज ज्याला ‘लक्ष्यगट’ म्हणतात त्याहून हा विचार वेगळा होता, कारण या श्रोत्याला काही विकायचे नव्हते.

९/२५
हा काळ सोन्याचा होता, असे म्हणण्याचे कारण नाही. सरकारी केंद्र सरकारची बाजू घेत असे आणि आणीबाणीत ते पुरेपूर दिसले. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरी रेडिओ ठेवायला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. श्रोता पैसे भरत होता, म्हणून निदान कागदावर तरी तो रेडिओचा ग्राहक होता. ती व्यवस्था गेली, आणि ग्राहकाची जागा जाहिरातदाराने घेतली.

१०/२५
जाहिरातदार त्याआधीच दारात आला होता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. गाणी तीच राहिली, पण गाण्यांमधल्या वेळेला आता भाव आला. महाराष्ट्रातील ही तीन केंद्रे देशात पहिली ठरली, याचा अभिमान बाळगताना तिथूनच कार्यक्रमाचे मोल श्रोत्याच्या खरेदीशक्तीवर ठरू लागले, हेही विसरू नये.

११/२५
आता नवी मुंबई. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई–दास्तान फाटा परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. १ जानेवारी १९९२ पासून महापालिका कामाला लागली, त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे वाशीला पोहोचली. शहराला स्वतःचा इतिहास, स्वतःचे प्रश्न आणि स्वतःचे सरकार मिळाले. आकाश मात्र मुंबईचेच राहिले.

१२/२५
१५ ऑगस्ट १९९३ पासून आकाशवाणीने मुंबई आणि दिल्लीतील एफएमचा वेळ खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. मोकळी बोली, फोनवरून फर्माइश, रात्रीच्या गप्पा हे सारे तेव्हा आले. तरुण श्रोत्याला ते मनापासून आवडले. जून १९९८ मध्ये सरकारने ही व्यवस्था थांबवली आणि ते आवाज बंद झाले. श्रोता वाढत असताना कार्यक्रम बंद होतो, याचा अर्थ निर्णय श्रोत्याच्या हाती नाही, एवढाच निघतो.

१३/२५
मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ऐतिहासिक निकाल दिला. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा, असा त्याचा आशय होता. निकालाचा पहिला भाग सरकारने मनावर घेतला आणि मक्तेदारी सोडली. दुसरा भाग, म्हणजे लोकहित, लिलावाच्या बोलीत विरून गेला.

१४/२५
पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ लहरींचा लिलाव झाला. बोली इतक्या चढल्या की प्रत्यक्षात २१ केंद्रेच सुरू होऊ शकली. परवाना शुल्क ठरलेले होते आणि दर वर्षी ते १५ टक्क्यांनी वाढणार होते. केंद्राला नफा होवो वा तोटा, रक्कम भरणे भाग. मुंबईत २००२ मध्ये खाजगी केंद्रे आली ती हे ओझे डोक्यावर घेऊनच.

१५/२५
आजच्या एकसुरीपणाचे मूळ इथे आहे. दर वर्षी फुगणारे शुल्क भरायचे तर जास्तीत जास्त लोक ऐकतील आणि जास्तीत जास्त जाहिरातदार येतील, असाच साचा निवडावा लागतो. मुंबईत तो साचा ताज्या हिंदी चित्रपटगीतांचा ठरला. शास्त्रीय संगीत, नाटक, लोकगीते, बालकार्यक्रम या साऱ्यांना ‘परवडत नाही’ हे एकच उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते. मात्र ते श्रोत्याच्या आवडीचे नव्हते, लिलावाच्या अटींचे होते.

१६/२५
वेगळे काही करणाऱ्यांचे काय झाले, हे लहरींच्या क्रमांकांवरून वाचता येते. ‘विन ९४.६’ काही वर्षांतच बंद पडले. इंग्रजी वळणाचे ‘गो ९२.५’ पुढे ‘रेडिओ वन’ झाले, ९४.३ वर गेले, हिंदीकडे वळले आणि मग पुन्हा इंग्रजीकडे. १०४.८ वर २००७ मध्ये स्त्रियांसाठी, गप्पांवर आधारलेले ‘म्याऊ’ आले. त्याचे ‘ओये’ झाले, नंतर ‘इश्क’. एकाच लहरीवर तीन नावे, आणि पहिल्या नावाबरोबर स्त्रियांच्या गप्पांचे केंद्र गेले ते गेलेच. यातल्या एकाही बदलापूर्वी श्रोत्यांचे मत घेण्याचे बंधन कोणावर नव्हते.

१७/२५
२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा घेण्याचे ठरले. केंद्रे तगली, संख्या वाढली. पण साचा सैल झाला नाही, कारण प्रवेशाची बोली कायम होती. २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यात मुंबईतील एका लहरीची बोली १०० कोटींच्या वर गेली. शिवाय एका कंपनीला एकाच शहरात एकाहून अधिक केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. मग एकाच मालकाच्या एका केंद्रावर नवी हिंदी गाणी आणि दुसऱ्यावर जुनी हिंदी गाणी, अशी वाटणी झाली. तिला विविधता म्हणण्याची पद्धत आहे.

१८/२५
‘पण आकडे सांगतात की लोकांना हेच हवे’ हा नेहमीचा युक्तिवाद. २००७ पासून मुंबईसह चार महानगरांत ‘रॅम’ ही श्रोतृमापन पद्धत वापरात आली. निवडलेल्या काही शेकडो व्यक्तींनी आपण काय ऐकले ते रोजनिशीत नोंदवायचे आणि त्यावरून कोट्यवधींच्या महानगराची आवड ठरवायची. या रोजनिशीत जे उपलब्ध आहे त्यातलेच काही निवडता येते. जे लावलेच जात नाही त्याची मागणी तीत नोंदवता येत नाही. दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्याला काय ऐकायचे आहे, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

१९/२५
मराठीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. संगीतकार कौशल इनामदार यांनी सांगितलेला अनुभव सर्वश्रुत आहे: मराठी गाणी लावली तर केंद्राला ‘डाउनमार्केट’ छाप बसते, असे त्यांना एका खाजगी केंद्राकडून सांगण्यात आले. त्या अपमानातून सुरेश भटांच्या कवितेवरचे, शेकडो गायकांनी गायलेले मराठी अभिमानगीत २०१० मध्ये साकारले. महाराष्ट्राच्या राजधानीत, महाराष्ट्राच्या आकाशातल्या लहरी वापरून, राज्याची भाषा हलकी ठरवली जाते तेव्हा तो निष्कर्ष गाण्याच्या गुणावरून काढलेला नसतो. मराठी ऐकणाऱ्याच्या खिशाबद्दलचा तो अंदाज असतो.

२०/२५
पुढे निवेदने, आंदोलने झाली आणि मराठी गाण्यांना थोडी जागा मिळाली. ते योग्यच, पण चार मराठी गाणी लावल्याने केंद्र स्थानिक होत नाही. स्थानिक केंद्र म्हणजे मोरबे धरणातला पाणीसाठा, तुर्भ्याच्या बाजार समितीतले आजचे भाव, ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे प्रश्न, गावठाणातल्या घरांचा वाद आणि आगरी बोलीतले गाणे ज्याला आपले काम वाटते ते केंद्र. २०११ च्या जनगणनेत ११ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या शहराला वाहतूककोंडीच्या बातमीत वाशी पुलाचा उल्लेख येतो, तेवढीच ओळख पुरेशी मानावी काय?

२१/२५
इथे ‘बातमी’ हा शब्दही सैल अर्थाने वापरला आहे, कारण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे लावण्याची परवानगी दिली. वाहतूक, हवामान, पाणी, वीज यांबाबत स्थानिक प्रशासनाने पुरवलेली माहितीही वाचता येते. म्हणजे प्रशासन सांगेल ते वाचण्याची मुभा आहे, प्रशासनाला प्रश्न विचारण्याची नाही. वृत्तपत्राला, दूरचित्रवाणीला आणि मोबाइलवरच्या कोणत्याही वाहिनीला जे करता येते, ते सर्वांत स्वस्त माध्यमाला नाकारले आहे. तासाला १० मिनिटे बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस ‘ट्राय’ने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. शिफारस म्हणजे परवानगी नव्हे.

२२/२५
याची किंमत कोण मोजतो? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, लोकल थांबल्या. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ हे सर्वांत भरवशाचे साधन. त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि शहर पुढची काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिले. त्या काळात नगरसेवक नव्हते आणि प्रश्न विचारू शकेल असे शहराचे केंद्रही नव्हते. ‘रेडिओ म्हणजे गाणी’ हा साचा तेव्हा निव्वळ करमणुकीचा विषय राहत नाही, नागरिकत्वाचा होतो.

२३/२५
साचा बदलण्यात श्रोत्याचा अधिकार किती, हा वाद जगाला नवा नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या अभिजात संगीताच्या केंद्राने एकाएकी रॉक संगीत स्वीकारले. श्रोत्यांनी संघटना बांधली आणि पुढच्याच वर्षी केंद्र मूळ संगीताकडे परतले. तत्त्वाच्या वादात मात्र अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये साचा बाजारावर सोडण्याचे नियामकाचे धोरण वैध ठरवले. ब्रिटनमध्ये याउलट, स्थानिक खाजगी केंद्राचे स्वरूप कित्येक वर्षे परवान्यातच नमूद असे आणि त्यात लक्षणीय बदल करण्याआधी लोकांची मते मागवली जात. भारतात लहरी सार्वजनिक ठरल्या, पण श्रोत्याला यांपैकी एकही वाट मिळाली नाही: ना खुला बाजार, कारण प्रवेश लिलावाने आणि बातमी बंदीने बांधलेली; ना सुनावणी.

२४/२५
‘आता पॉडकास्ट आहेत, रेडिओ हवा कोणाला?’ असे विचारणाऱ्यांनी जून २०२३ आठवावा. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला, महाराष्ट्रभर विरोध झाला आणि केंद्रीय मंत्र्यांना आदेश थांबवावा लागला. ज्या माध्यमाला श्रोताच उरला नाही, त्यासाठी लोक असे उठत नाहीत. त्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. श्रोत्याने वेळीच आवाज उठवला तर निर्णय फिरतो. मात्र आवाज उठवण्यासाठी आधी निर्णय कळावा लागतो. सरकारी आदेश निदान बाहेर आला. खाजगी केंद्राचा साचा बदलतो तेव्हा सकाळी रेडिओ लावल्यावरच कळते.

२५/२५
म्हणून मागण्या तीन. पहिली: परवाना देताना केंद्राने आपला साचा लेखी जाहीर करावा आणि तो मुळातून बदलण्याआधी श्रोत्यांची मते मागवावीत. दुसरी: खाजगी आणि सामुदायिक केंद्रांवरील बातम्यांची बंदी उठवावी. तिसरी: नवी मुंबईला स्वतंत्र प्रसारण क्षेत्र मानावे. सामुदायिक रेडिओचे दार शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून उघडे आहे. १०० वॅटचे प्रक्षेपक आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून, अशी त्याची अट. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ने ते माणसारख्या दुष्काळी तालुक्यात करून दाखवले. नेरूळ, बेलापूर, ऐरोली आणि वाशीतल्या मोठ्या शिक्षणसंस्थांना, तसेच गावठाणांतल्या मंडळांना ते अशक्य नाही. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांना त्याच शहराच्या आकाशात बोलण्यासाठी एक लहर मागावी लागते. ती देण्यासाठी नवा निकाल नको; १९९५ चा निकाल पूर्ण वाचला तरी पुरे.